गुन्हेगाराला माफी, मग न्याय कसला? युरोपचे तत्त्वज्ञ आणि आफ्रिकेचा अनुभव

ऑगस्ट १९७७ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या एका रस्त्यावर नाकाबंदीत स्टीव्ह बिको पकडले गेले. वर्णद्वेषी राजवटीविरुद्ध कृष्णवर्णीयांचा स्वाभिमान जागवणाऱ्या चळवळीचे ते नेते होते. वय तीस. पोर्ट एलिझाबेथमध्ये ६१९ क्रमांकाच्या खोलीत सुरक्षा पोलिसांनी त्यांची चौकशी केली. डोक्याला जबर मार बसला. त्या अवस्थेत त्यांना नग्न, बेड्या घालून लँड रोव्हरच्या मागच्या भागात टाकलं आणि हजार किलोमीटरहून लांब असलेल्या प्रिटोरियाला नेलं. १२ सप्टेंबरला ते गेले. त्याच वर्षी न्यायालयीन चौकशी झाली आणि निष्कर्ष निघाला की या मृत्यूला कुणीच जबाबदार नाही.

ती चौकशी मृत्यूनंतर बरोबर ४८ वर्षांनी, १२ सप्टेंबर २०२५ रोजी, पुन्हा उघडली गेली. वर्णद्वेषाच्या काळातल्या अशा आणखी काही फायली सध्या तिथे उघडल्या जात आहेत. हे खटले इतकी वर्षं का रखडले, कुणी दाबले, हे शोधायला राष्ट्राध्यक्ष सिरिल रामाफोसा यांनी २०२५ मध्येच एक आयोगही नेमला.

बातमी वाचून पहिला प्रश्न पडतो तो असा: राजवट १९९४ मध्ये गेली, नेल्सन मंडेला राष्ट्राध्यक्ष झाले, मग मारेकऱ्यांना तेव्हाच तुरुंगात का नाही टाकलं? यावर एक तयार उत्तर मिळतं. पाश्चात्त्यांचा न्याय म्हणजे शिक्षा, आफ्रिकेचा न्याय म्हणजे क्षमा. त्यांच्याकडे व्यक्ती मोठी, यांच्याकडे समाज मोठा. हे उत्तर ऐकायला गोड आहे आणि माझ्या मते बरंचसं चुकीचं आहे. आफ्रिकेत युरोपचे सिद्धान्त नुसते पुस्तकांतून आले नाहीत. ते कायदे, कर आणि जमिनीचे कागद होऊन आले. आणि आज ज्याला आपण 'आफ्रिकेची परंपरा' म्हणतो, तिचा बराच भाग याच कायद्यांच्या हाताखाली घडला. त्यामुळे कुणाचा सिद्धान्त चांगला हे विचारण्याआधी, रूढी काय आणि न्याय काय हे ठरवण्याचा अधिकार कुणाच्या हाती होता, हे पाहावं लागतं.

आधी चार नावं

थॉमस हॉब्ज. इंग्लंडमध्ये यादवी चालू असताना लिहिणारा माणूस. १६५१ मध्ये त्याने मांडलं की वर कुणी सत्ताधीश नसेल तर प्रत्येकजण प्रत्येकाचा वैरी होतो आणि आयुष्य एकाकी, दरिद्री, रानटी आणि अल्पजीवी ठरतं. म्हणून माणसं एकमेकांशी करार करतात आणि आपली मारण्या-मरण्याची मोकळीक एका सत्तेच्या हवाली करतात. याला समाजकरार म्हणतात.

जॉन लॉक त्याच्या नंतरचा. त्याच्या मते माणसाला मालमत्तेचा हक्क राज्य येण्याआधीपासून असतो, कारण तो जमिनीत आपले श्रम मिसळतो. राज्य फक्त तो हक्क राखायला आहे.

इमॅन्युएल कांट जर्मन. माणसाला कधीही नुसतं साधन म्हणून वापरू नका, त्याला प्रतिष्ठा आहे, हे त्याचं सांगणं. शिक्षेबाबत मात्र तो कर्मठ होता. १७९७ मध्ये त्याने लिहिलं की एखाद्या बेटावरच्या लोकांनी समाज मोडून जगभर पांगायचं ठरवलं, तरी जाण्यापूर्वी तुरुंगातल्या शेवटच्या खुन्याला फाशी द्यायलाच हवी. उपयोग काय, हा प्रश्नच नाही. केलं ते भरलंच पाहिजे.

चौथा जॉन रॉल्स, अमेरिकन, १९७१. त्याचं म्हणणं समजायला आपल्याकडची वाटणी आठवा. दोन भावांत वाटे करायचे असले की एकाने वाटे पाडायचे आणि दुसऱ्याने आधी उचलायचा. आपल्याला कोणता वाटा येणार हे ठाऊक नसल्यामुळे पाडणारा मुकाट्याने सारखे पाडतो. रॉल्स म्हणतो, अख्ख्या समाजाचे नियम असेच ठरवा. आपण गरीब जन्मू की श्रीमंत, काळे की गोरे, हे ठाऊक नाही असं धरून चाला. मग कुणीही गुलामगिरीला हात वर करणार नाही.

युक्ती फार सुंदर आहे. पण वाटे पाडायला बसण्यापूर्वीच एका भावाने दुसऱ्याचं शेत लाटलेलं असेल तर? ते परत कसं मिळवायचं, हा रॉल्सचा मुख्य विषय नव्हता. सगळे नियम पाळतात असं गृहीत धरून तो आदर्श समाजाचा आराखडा काढत होता. चार्ल्स मिल्स या जमैकन तत्त्ववेत्त्याने १९९७ मध्ये नेमकं यावर बोट ठेवलं. त्याच्या मते युरोपचा समाजकरार प्रत्यक्षात गोऱ्यांनी गोऱ्यांशी केलेला करार होता, बाकीचे त्यात करार करणारे नव्हते, कराराचा विषय होते.

वर राजा नसला की अंदाधुंदी माजते का?

हॉब्जचा दावा तपासून पाहण्यासारखी एक जागा आहे. आजच्या दक्षिण सुदानमध्ये नाईलच्या पाणथळ मुलखात राहणारे नुएर लोक. एडवर्ड इव्हान्स-प्रिचर्ड हा इंग्रज मानववंशशास्त्रज्ञ १९३० च्या दशकात त्यांच्यात राहिला. त्याला पाठवलं होतं सुदानच्या वसाहती सरकारने, कारण हे लोक आटोक्यात येत नव्हते. त्याला तिथे राजा, पोलीस, कोर्ट, तुरुंग यांतलं काहीही सापडलं नाही. आणि तरी समाज चाललेला होता. त्याने त्याला 'शिस्तीतली अराजकता' म्हटलं.

खून झाला की काय होई ते पाहा. खुनी थेट बिबट्याचं कातडं पांघरणाऱ्या एका माणसाच्या घरी धाव घेई. हा माणूस प्रमुख म्हणवला जात असला तरी त्याच्या हाती शिपाई नव्हते, हुकूम चालत नव्हता. तो खुन्याच्या दंडावर मासेमारीच्या भाल्याने चीर देऊन रक्त काढी. हे होईपर्यंत खुन्याला अन्नपाणी वर्ज्य. या घरात असेपर्यंत त्याला कुणी हात लावायचा नाही. मग तो मध्यस्थ दोन्ही घराण्यांकडे खेपा घाली. खुन्याकडे गुरं किती आहेत, किती देणार? ठरलेला आकडा साधारण चाळीस गुरांचा. मेलेल्याचे नातेवाईक आधी ठाम नकार देत, कारण लगेच होकार दिला तर जनावरांसाठी भावाचं रक्त विकलं अशी नाचक्की. मध्यस्थ गळ घाली, शेवटी शापाची धमकी देई. मग 'तुमच्या शब्दाखातर' म्हणून ते मान्य करत. त्यांनाही तेच हवं असे, पण मान राखायला कुणीतरी आग्रह करणारा लागतो.

गुरं कशाला? ती गुरं वधूमूल्य म्हणून देऊन मेलेल्या माणसाच्या नावाने लग्न लावलं जाई आणि होणारी मुलं त्याची मानली जात. घराण्यात पडलेलं भगदाड भरून काढणं, हा हेतू.

म्हणजे हॉब्ज साफ चुकला? अर्धा. राज्य नसतानाही व्यवस्था असू शकते, हे नुएरांनी दाखवलं. पण ही व्यवस्था एकमेकांना ओळखणाऱ्या, उद्या पुन्हा त्याच कुरणात भेटणाऱ्या लोकांची होती. दूरच्या टोळीशी तंटा असेल तर भरपाई क्वचितच दिली जाई. पुढे यादवी आली, बंदुका आल्या, शेकड्याने माणसं मरू लागली आणि खुनी कोण हेच कळेनासं झालं. मग चाळीस गुरं कुणी कुणाला द्यायची?

'परंपरागत प्रमुख' आले कुठून?

ब्रिटिशांना कर वसूल करायचा होता आणि अधिकारी होते मूठभर. फ्रेडरिक लुगार्ड या नायजेरियाच्या गव्हर्नरने यावर जी तोड काढली तिला अप्रत्यक्ष राज्य म्हणतात: स्थानिक प्रमुखाला गादीवर ठेवायचं आणि त्याच्याकरवी राज्य हाकायचं. उत्तर नायजेरियात अमीर, म्हणजे मुस्लिम शासक, होतेच. आग्नेयेकडच्या इग्बो मुलखात मात्र पंचाईत झाली. तिथे बहुतेक गावांना प्रमुखच नव्हता. वडीलधारे, वयोगटांची मंडळं, बायकांच्या सभा यांत कारभार वाटलेला. प्रमुखाशिवाय समाज असतो, हे साहेबांच्या डोक्यात शिरेना. त्यांनी माणसं हेरून त्यांच्या हाती सनदा दिल्या आणि त्यांना प्रमुख केलं.

१९२८ मध्ये पुरुषांवर कर बसला. १९२९ च्या नोव्हेंबरमध्ये ओलोको गावात सनदी प्रमुखाचा माणूस एका विधवेच्या घरी माणसं आणि शेळ्या-मेंढ्या मोजायला आला. बायकांवरही कर येणार, ही बातमी बाजारांतून पसरली. हजारो इग्बो आणि शेजारच्या इबिबिओ बायका बाहेर पडल्या. त्यांनी जे केलं ती त्यांची जुनी, सर्वमान्य रीत होती. कुणी पुरुष मर्यादा सोडून वागला की बायका त्याच्या दाराशी जमत, नाचत, त्याच्यावर टोमण्यांची गाणी म्हणत, मुसळांनी त्याच्या भिंती बडवत आणि तो वठणीवर येईपर्यंत हलत नसत. या वेळी त्यांनी हे सनदी प्रमुखांच्या आणि देशी कोर्टांच्या दारात केलं. ब्रिटिश अधिकाऱ्यांना ती दंगल वाटली. गोळीबारात पन्नासहून जास्त बायका मारल्या गेल्या.

खरी देशी न्यायसंस्था इथे कोणती? सनद मिळालेला पुरुष की मुसळं घेतलेल्या बायका? सरकारी दप्तरात परंपरा म्हणून नोंद झाली पहिल्याची.

महमूद ममदानी यांनी १९९६ मध्ये हा सगळा पट मांडला. (जन्म मुंबईचा, वाढले युगांडातल्या कंपालात. न्यूयॉर्कच्या महापौरपदी निवडून आलेले झोहरान त्यांचे चिरंजीव.) त्यांचा मुद्दा असा की वसाहतीने आफ्रिकेत माणसांचे दोन वर्ग पाडले. शहरातला गोरा नागरिक, त्याला हक्क आणि कायदा. खेड्यातला काळा रयत, त्याला रूढी. आणि ती रूढी कोणती हे प्रमुख सांगणार, ज्याची नेमणूक गोरा अधिकारी करणार. पूर्वी वाईट प्रमुखाला लोक सोडून जाऊ शकत, वडीलधारे त्याला आवरू शकत. आता त्याच्या पाठीशी बंदूक होती. त्यातही एक कलम असे: न्यायबुद्धीला किळसवाणी वाटणारी रूढी चालणार नाही. किळस कुणाला वाटली पाहिजे, ते सांगायला नको.

याच्याशी जोडून पीटर एके या नायजेरियन समाजशास्त्रज्ञाचं १९७५ मधलं निरीक्षण सांगतो, कारण ते आजही लागू पडतं. त्याच्या मते अशा देशांत माणूस दोन सार्वजनिक जगांत राहतो. आपल्या जमातीच्या मंडळात तो वर्गणी चुकवत नाही, हिशेब चोख ठेवतो. सरकार मात्र परक्याचं, म्हणून तिथून हाती येईल ते आणावं आणि आपल्या लोकांना द्यावं. तोच माणूस एका जगात सज्जन आणि दुसऱ्यात भ्रष्ट. समाजकराराचा सिद्धान्त ज्या राज्याला आपलं मानून चालतो, ते राज्यच इथे कुणाला आपलं वाटत नव्हतं.

लॉकची मालमत्ता आणि केनियाची जमीन

थोडक्यात सांगतो. श्रम मिसळले तर जमीन तुमची, हे लॉकचं तत्त्व. पण आलटून पालटून पडीक टाकलेलं रान, गुरांचं कुरण, पूर्वजांची दफनभूमी हे युरोपियन डोळ्याला रिकामं दिसतं. केनियात १९१५ च्या कायद्याने सगळी जमीन ब्रिटिश राजाची ठरली, आफ्रिकन लोक राहत-कसत होते तीसुद्धा. १९२१ मध्ये तिथल्या न्यायालयाने स्पष्ट केलं की किकुयू लोक आता आपल्याच जमिनीवर सरकारच्या मर्जीने राहणारी कुळं आहेत. दक्षिण आफ्रिकेत १९१३ च्या कायद्याने बहुसंख्य काळ्यांसाठी देशातली सुमारे ७ टक्के जमीन राखली, १९३६ मध्ये ती १३ टक्क्यांवर नेली. श्रम मिसळण्याच्या कसोटीवर तर शेती करणारे हेच लोक मालक ठरायला हवे होते. पण कसोटी लावणारा आणि जमीन घेणारा एकच असला की कसोटीचा निकाल ठरलेला असतो. लॉकचे स्वतःचे पैसे गुलामांचा व्यापार करणाऱ्या रॉयल आफ्रिकन कंपनीत गुंतलेले होते, हेही इथे नोंदवून ठेवू.

उबुंटू आणि अकरा न्यायाधीश

आता दक्षिण आफ्रिकेकडे परत. उबुंटू हा शब्द तुम्ही ऐकला असेल. माणूस माणसांमुळे माणूस होतो, दुसऱ्याची माणुसकी नाकारली की आपलीही कमी होते, असा तो दक्षिण आफ्रिकेतल्या बांटू भाषांमधला विचार. १९९३ च्या अंतरिम राज्यघटनेच्या शेवटी तो आला: सूड नको, समजूत हवी, बदला नको, भरपाई हवी, छळ नको, उबुंटू हवा.

नव्या घटना न्यायालयासमोर अगदी सुरुवातीलाच प्रश्न आला फाशीचा. ६ जून १९९५ रोजी अकराच्या अकरा न्यायाधीशांनी फाशी रद्द केली. जीविताचा आणि प्रतिष्ठेचा हक्क, क्रूर शिक्षेपासून संरक्षण ही मुख्य कारणं. शिवाय इव्हॉन मोगोरो यांच्यासह अनेक न्यायाधीशांनी उबुंटूचा आधार घेतला.

हा निकाल मला दोन कारणांसाठी विलक्षण वाटतो. प्रतिष्ठेची कल्पना ज्या कांटच्या नावाशी जोडली जाते, तोच कांट फाशीचा कट्टर पुरस्कर्ता होता. न्यायालयाने त्याचा अर्धा भाग घेतला आणि त्यानेच त्याचा उरलेला अर्धा भाग खोडला. दुसरं कारण जास्त अडचणीचं. मुख्य निकालपत्रात न्यायालयाचे अध्यक्ष आर्थर चॅस्कलसन यांनी मान्य केलं की गंभीर खुनांना फाशी असावी असं बहुसंख्य दक्षिण आफ्रिकनांना वाटतं, असं आपण धरून चालू. पण हक्कांचा निर्णय लोकमतावर होत नसतो. म्हणजे समाजाला केंद्रस्थानी ठेवणाऱ्या विचाराच्या नावाने दिलेला हा निकाल समाजाच्या प्रत्यक्ष मताविरुद्ध होता! टीकाकार म्हणतात, उबुंटू म्हणजे न्यायाधीशांना हवा तो अर्थ काढण्याची सोय. आरोप अगदीच निराधार नाही. पण 'समानता' आणि 'स्वातंत्र्य' यांचे अर्थ तरी कुठे आकाशातून पडले?

खुन्यांना माफी दिली, मग न्याय कसला?

१९९५ च्या कायद्याने सत्य आणि सलोखा आयोग आला. आर्चबिशप डेस्मंड टुटू अध्यक्ष. नियम असा: १९६० ते १९९४ या काळात राजकीय हेतूने केलेल्या गुन्ह्याबद्दल जो पूर्ण सत्य सांगेल, त्याला माफी. फौजदारी खटला नाही, नुकसानभरपाईचा दिवाणी दावाही नाही.

इथे एक बारकावा बहुतेक लेखांत सुटतो. पश्चात्ताप ही अट नव्हती. माफी मागणंही नव्हतं. खरं सांगा आणि सुटा, एवढंच. मग याला क्षमा कसं म्हणायचं? टुटूंच्या तोंडी क्षमेची भाषा होती आणि ती मनापासूनची होती. कायद्यामागचं गणित मात्र वेगळं होतं. १९९४ ची निवडणूक पार पडेपर्यंत सैन्य आणि पोलीस जुन्याच राजवटीचे होते. माफीची हमी नसती तर ते शांतपणे बाजूला झाले असते, याची खात्री कुणाला नव्हती. एकमेकांना मारू शकणाऱ्या दोन पक्षांनी मारण्याची मोकळीक सोडून केलेला हा सौदा. ज्याला सगळे 'आफ्रिकन क्षमा' म्हणतात त्याच्या पोटात मला हॉब्ज दिसतो.

बिको यांची पत्नी आणि अशीच माणसं गमावलेली आणखी काही कुटुंबं याविरुद्ध घटना न्यायालयात गेली. आमचा खटल्याचा हक्क सरकार परस्पर कसा सोडून देऊ शकतं, हा त्यांचा सवाल. १९९६ मध्ये न्यायालयाने त्यांचं दुःख मान्य केलं आणि अर्ज फेटाळला: माफीचं आमिष नसेल तर सत्य बाहेर येणार नाही आणि ज्या तडजोडीवर देश उभा आहे तीच मोडेल. कांटच्या बेटावरची माणसं यांच्या जागी असती तर आधी फाशी देऊन मग पांगली असती. पण इथे कुणाला पांगायचं नव्हतं. खुनी आणि विधवा, दोघांनाही त्याच गावात राहायचं होतं.

पुढे काय झालं? सात हजारांवर लोकांनी माफीसाठी अर्ज केले. मिळाली ८४९ जणांना. बिको यांची चौकशी करणाऱ्या पोलिसांनीही अर्ज केला होता; ते पूर्ण खरं सांगत नाहीत म्हणून १९९९ मध्ये तो फेटाळला गेला. सौद्याप्रमाणे आता अशा लोकांवर खटले व्हायला हवे होते. आयोगाने सुमारे ३०० प्रकरणं सरकारी वकिलांकडे सोपवली. हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी पुढे गेली. पीडितांना २००३ नंतर एकरकमी ३०,००० रँड मिळाले, आयोगाने सुचवलेल्या रकमेहून फार कमी. तेव्हा 'क्षमेचं आफ्रिकन प्रारूप अपयशी ठरलं' असं म्हणणारे चुकतात. सौद्याचा एक भाग पाळला, दुसरा पाळलाच नाही, ही तक्रार आहे, आणि ती सरकारविरुद्ध आहे.

ममदानींची टीका आणखी खोल जाते. आयोगाने पीडित म्हणून मोजली ती छळलेली, मारलेली, बेपत्ता केलेली सुमारे बावीस हजार माणसं. पण १९६० ते १९८३ या काळात सुमारे ३५ लाख लोकांना घरादारातून उठवून हलवलं गेलं, काळ्यांना परवान्याचा पास जवळ बाळगायची सक्ती करणाऱ्या कायद्याखाली माणसं रोज तुरुंगात जात होती. ते सगळं तेव्हाच्या कायद्याप्रमाणेच चाललं होतं, म्हणून आयोगाच्या पीडितांच्या यादीत आलं नाही. समाजाला प्रथम मानणाऱ्या उबुंटूच्या नावाने चाललेला आयोग अन्याय मोजत होता तो एकेका व्यक्तीवरचा.

रवांडाचं अंगण

१९९४ मध्ये रवांडात शंभर दिवसांत किमान पाच लाख, बहुतेक अंदाजांनुसार आठ लाख किंवा अधिक लोक मारले गेले, बहुतांश तुत्सी जमातीचे. संयुक्त राष्ट्रांनी टांझानियातल्या अरुशात आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरण नेमलं. वकील, दुभाषे, पुराव्याचे कडक नियम, सगळं कांटलाही पसंत पडेल असं. वीसेक वर्षांत त्याने ९३ जणांवर आरोप ठेवले. इकडे देशात लाखाहून जास्त संशयित तुरुंगांत कोंबलेले. साध्या कोर्टांनी ते खटले निकालात काढायला शंभराहून जास्त वर्षं लागली असती.

म्हणून सरकारने गचाचा हे जुन्या गावबैठकीचं नाव उचललं आणि २००२ पासून नवी ग्रामन्यायालयं उभी केली. सुमारे १२,०००. गावानेच निवडलेले, कायद्याचं शिक्षण नसलेले न्यायाधीश, बाकांवर सगळं गाव. २०१२ मध्ये ती बंद झाली तोवर सुमारे १९ लाख प्रकरणं निकाली निघाली होती. कित्येकांना आपल्या माणसाचं प्रेत कुठे पुरलं ते तिथेच पहिल्यांदा कळलं. पण आरोपीला वकील नव्हता, जुनी वैरं काढली गेली, साक्षीदारांना धमक्या आल्या, आणि सत्तेवर आलेल्या पक्षाच्या सैनिकांनी केलेल्या हत्या या बैठकांच्या कक्षेबाहेर ठेवल्या होत्या. जुनी गचाचा जमिनीचे, गुराढोरांचे तंटे मिटवायची आणि हजेरी सक्तीची नव्हती. नवी चालली कायद्याने, हजेरी सक्तीची, शिक्षा जन्मठेपेपर्यंत. परंपरेचं नाव, राज्याचा हात. वाईट की बरी? दुसरा पर्याय समोर असता तर हा प्रश्न सोपा होता.

शेवटी ही जातपंचायतच ना?

महाराष्ट्रातल्या वाचकाच्या मनात ही शंका येणारच आणि ती रास्त आहे. समाजाने मिळून न्याय करायचा म्हणजे काय होतं, ते वाळीत टाकलेल्या कुटुंबांना विचारा. सामाजिक बहिष्काराविरुद्ध आपल्याला २०१६ मध्ये वेगळा कायदा करावा लागला. आफ्रिकन विचारवंतांमध्येही हाच वाद आहे. नायजेरियाचे इफेनी मेन्किटी म्हणत, समाजात वावरत, जबाबदाऱ्या पेलतच माणूस 'व्यक्ती' होतो. घानाचे क्वामे ग्येक्ये यांनी त्याला उत्तर दिलं: समाज घडवतो हे खरं, पण माणसाला जन्मतःच विवेक असतो आणि समाजाला नाही म्हणण्याचा हक्कही. बेनिनचे पॉलिन हूंटोंजी तर म्हणत की सगळी आफ्रिका एकमुखाने एकच विचार करते, ही कल्पनाच युरोपने लादलेली आहे.

कोर्टात हा वाद कसा दिसतो? केपटाऊनच्या खायेलित्शा वस्तीत एक माणूस वारला. मागे त्याची जोडीदार आणि दोन लहान मुली. रूढीप्रमाणे वारस पुरुषच, म्हणून मुलींच्या आजोबांनी घर आपलं सांगितलं आणि अंत्यविधीचा खर्च भागवायला ते विकायचं ठरवलं. २००४ मध्ये घटना न्यायालयाने मुलींच्या बाजूने निकाल दिला. मात्र न्यायालयाने एक गोष्ट लक्षात घेतली: जुन्या रूढीत थोरल्या मुलाला मालमत्ता मिळे ती सगळ्या घराला पोसण्याच्या जबाबदारीसकट. वसाहती कायद्याने हक्क तेवढा लिहून ठेवला, जबाबदारी मागे पडली.

बहुमत की एकमत?

घानाचे क्वासी विरेडू यांनी सुचवलं होतं की तिथल्या अशांती जमातीच्या परिषदांसारखं एकमत होईपर्यंत बोलत राहावं. बहुमताच्या राजकारणात हरलेला गट पाच वर्षं बाहेर बसतो आणि गट जर जमातीनुसार असतील तर तो कायमचाच बाहेर राहतो, हा त्यांचा मुद्दा बिनतोड आहे. पण एकमताच्याच नावाखाली १९६४ मध्ये घाना आणि १९६५ मध्ये टांझानिया एकपक्षीय झाले. तसलं एकमत आपल्याला नको, असं विरेडूंनी स्वतः बजावलं होतं. ते कसं टाळायचं, हे मात्र त्यांना पटेल असं सांगता आलं, असं मला वाटत नाही.

मग परंपरा बदलायची कुणी?

दक्षिण आफ्रिकेच्या लिम्पोपो प्रांतातल्या वालोयी लोकांचे प्रमुख १९६८ मध्ये वारले. मुलगा नव्हता. थोरली मुलगी फिलिया शिलुबाना हिला बाई म्हणून गादी मिळाली नाही, ती काकांकडे गेली. १९९६ मध्ये राजघराण्याने ठरवलं की देशात आता समानतेची घटना आली आहे, तेव्हा गादी तिच्याकडे परत यावी. काका वारल्यावर त्यांचा मुलगा कोर्टात गेला: आमच्या रूढीत बाई प्रमुख होत नाही, आजवर झालेली नाही. खालची दोन्ही न्यायालयं त्याच्या बाजूने गेली, कारण त्यांनी जुने दाखले तपासले आणि रूढी खरोखर तशीच निघाली.

२००८ मध्ये घटना न्यायालयाने ते निकाल फिरवले. न्यायाधीशांनी स्वतः रूढी बदलली नाही, समानतेचं कलम वरून लादलं असंही नाही. त्यांनी एवढंच म्हटलं की आपली रूढी बदलण्याचा अधिकार वालोयी लोकांना होता आणि त्यांच्या मंडळींनी बसून, चर्चा करून ती बदलली आहे. वसाहतीच्या दप्तरात रूढी एकदा लिहिली गेली की गोठत असे. इथे न्यायालय म्हणत होतं की काल बैठकीत ठरलं तीही रूढीच. गादी फिलिया शिलुबाना यांना मिळाली. तोवर त्या खासदारही झालेल्या होत्या.